क्विझनेअर रॉड्स: ७४ रंगीत कांड्यांचा संच

बेल्जियममधील शाळाशिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांनी संख्या शिकवण्यासाठी तयार केलेल्या या रंगीत कांड्यांची माहिती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढे गणितशिक्षणतज्ज्ञ कॅलेब गातेन्यो यांनी त्या अनेक देशांतील शाळांपर्यंत पोहोचवल्या. आता त्या आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. पहिलीत शिकणाऱ्या आमच्या मुलीसाठी आम्ही ७४ कांड्यांचा लाकडी संच घेतला. घरगुती वापरासाठी बहुतेक ठिकाणी याच आकाराचा संच विकला जातो, म्हणून हे परीक्षण त्याच्यापुरतेच आहे.

प्रत्येक कांडी एक सेंटिमीटर रुंद आणि तितकीच जाड असते. लांबी मात्र एकपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जाते आणि प्रत्येक लांबीचा रंग ठरलेला असतो. पांढरी म्हणजे एक, लाल दोन, पोपटी तीन, जांभळी चार, पिवळी पाच, गडद हिरवी सहा, काळी सात, तपकिरी आठ, निळी नऊ आणि नारिंगी दहा. कांडीवर आकडा नसतो, खूणही नसते, आणि माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. मणी किंवा चिंचोके मोजताना मूल पाचात तीन मिळवायचे असले तरी पुन्हा एकपासून सुरुवात करते; इथे मोजायला काहीच नसल्यामुळे पिवळीला पोपटी जोडून ती तपकिरीइतकी भरते हे त्याला डोळ्यांनीच ठरवावे लागते. काही विक्रेते मुलांच्या सोयीसाठी म्हणून कांड्यांवर खाचा किंवा आकडे छापून देतात. असा संच मुळीच घेऊ नये, कारण त्यात मूल पुन्हा खाचाच मोजत बसते.

दहाच्या जोड्या पाठ करून घेण्याऐवजी नारिंगी कांडीखाली दोन-दोन कांड्यांच्या ओळी रचायला सांगितल्या, की निळी-पांढरी, तपकिरी-लाल, काळी-पोपटी असा जिना आपोआप तयार होतो. त्याहून मला आवडला तो गुणाकार. तीन जांभळ्या कांड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांच्यावर चार पोपटी कांड्या आडव्या अगदी काठोकाठ बसतात. तीन चोक आणि चार त्रिक एकच का, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही, आणि पाढ्यांचे निम्मे ओझे उतरते. बाराची लांबी लाल, पोपटी, जांभळ्या किंवा गडद हिरव्या अशा एकाच रंगाच्या कांड्यांनी भरता येते, सातची मात्र एकट्या काळीखेरीज फक्त पांढऱ्यांनीच भरते. सातसारख्या मूळ संख्येची कल्पना पाचवीसहावीपर्यंत लांबवण्याची खरे तर गरज नाही.

संचातील कांड्यांच्या संख्येबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. पांढऱ्या २२, लाल १२, पोपटी १०, जांभळ्या ६ आणि पिवळीपासून नारिंगीपर्यंत प्रत्येकी ४ अशी ही वाटणी आहे. तिच्यात दोन आणि तीनचे पाढे वरीलप्रमाणे दोन्ही बाजूंनी रचून दहापर्यंत नेता येतात, पण चारचा पाढा चार सखं चोवीसपाशी अडतो, कारण पुढे सातवी जांभळी कांडीच नाही. त्याहून मोठी अडचण दशक-एककाची आहे. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. त्यामुळे पंचवीस ऐकून ५२ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. अशा मुलासमोर दोन नारिंगींना एक पिवळी जोडून २५ आणि पाच नारिंगींना एक लाल जोडून ५२ अशा दोन लांबलचक ओळी मांडल्या, तर चूक त्याची त्यालाच दिसेल. नेमक्या याच धड्याला सात नारिंगी कांड्या हव्यात आणि संचात आहेत चार. पाचवा दशक दोन पिवळ्यांनी भरून काढता येतो, पण मग २५ साठी नारिंगी उरत नाहीत आणि दशकाचा एकच रंग ही खूणही पुसली जाते.

यावर उपाय म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या एक सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब पट्ट्या कापून त्या नारिंगी रंगवाव्यात. दहा पट्ट्या केल्या की शंभरपर्यंतची कोणतीही संख्या मांडता येते. आमच्या संचासोबत आलेले माहितीपत्रक फक्त इंग्रजीत होते आणि त्यात दशक-एककाबद्दल एक ओळही नव्हती, त्यामुळे सुरुवातीला पालकाने किंवा शिक्षकाने सोबत बसणे आवश्यक आहे. स्वस्त लाकडी संचात लांबीत फरक असू शकतो. म्हणून संच हाती येताच दहा पांढऱ्या कांड्या नारिंगीला लावून पाहाव्यात आणि त्या जुळल्या नाहीत तर परत पाठवाव्यात. लाल-हिरवा फरक न ओळखणाऱ्या मुलाला लांबीचा आधार असला तरी काम संथ होते. घरात तीन वर्षांखालील मूल असल्यास पांढऱ्या कांड्या वेगळ्या डब्यात, त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात.