जावासाठी एक्लिप्स, इंटेलिजे की व्हीएस कोड? रोजच्या कामात कुठे काय फरक पडतो

आयडीई (कोड लिहायचं, चालवायचं आणि तपासायचं एकत्र टूल) कुठला घ्यायचा हा विषय टीममध्ये निघाला की बोलणं लगेच थीम, शॉर्टकट आणि कुठला किती पटकन उघडतो यावर जातं. पण नवीन कोड टाइप करताना तिन्ही जवळपास सारखेच वाटतात, सजेशन तिन्हीत येतात, इम्पोर्ट तिन्हीत आपोआप होतात. खरा फरक कळतो तो दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला जुना, मोठा कोड उघडून त्यात बदल करायचा असतो तेव्हा. हे नक्की कुठून कुठून कॉल होतंय, नाव बदललं तर काय काय मोडेल, ही व्हॅल्यू इथे नल का येतेय, या प्रश्नांची उत्तरं किती लवकर आणि किती खात्रीने मिळतात त्यावर ठरवा असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं त्याच नजरेने लिहिलंय.

आधी एक सांगून टाकतो, सगळ्यांना निवड असतेच असं नाही. अँड्रॉइड करत असाल तर अँड्रॉइड स्टुडिओ, बाकी विचार नको, आणि तो इंटेलिजेवरच बांधलेला आहे (गूगलने 2013 मध्ये जाहीर केला, 1.0 डिसेंबर 2014 ला आला). आयफोनच्या ॲपला एक्सकोड लागतोच आणि तो फक्त मॅकवर चालतो. एसएपी या बिझनेस सॉफ्टवेअरसाठी एबॅप भाषेत लिहिणारे, एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या मायक्रोकंट्रोलरवर काम करणारे, यांची नेहमीची अधिकृत टूल्स एक्लिप्सवर उभी आहेत, म्हणजे तिथेही प्रश्न बराचसा मिटला. खाली जे आहे ते सर्व्हरवरची जावा, मेव्हन किंवा ग्रेडल (बिल्ड करायची टूल्स), स्प्रिंग (जावाचा फ्रेमवर्क) वगैरे करणाऱ्यांसाठी.

तिघांचा स्वभाव वेगळा का आहे ते आधी बघा, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात.

एक्लिप्स आयबीएममधून आला, 2001 च्या नोव्हेंबरमध्ये ओपन सोर्स झाला, आणि त्याच्या पोटात जावाचा स्वतःचा कंपायलर आहे. तुम्ही फाइल सेव्ह केली की तेवढाच भाग लगेच कंपाइल होतो आणि त्या बदलामुळे दुसऱ्या प्रोजेक्टमधली, न उघडलेली एखादी फाइल मोडली असेल तर ती लगेच प्रॉब्लेम्सच्या यादीत लाल होते. हे सुख एक्लिप्सवाल्यांना इतकं सवयीचं झालेलं असतं की इंटेलिजेत आल्यावर पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं होतं. इंटेलिजे तसा नाही. तो सगळ्या कोडचा आणि जार फाइल्सचा (तयार लायब्ररींचा) इंडेक्स बनवतो, उघड्या फाइलमधली चूक लगेच दाखवतो, पण न उघडलेल्या फाइलमधली चूक साधारणपणे बिल्ड मारल्यावरच समोर येते. सेटिंगमध्ये आपोआप बिल्ड चालू करता येतो, पण मोठ्या प्रोजेक्टवर लॅपटॉपचा पंखा ऐकू यायला लागतो. आणि व्हीएस कोड मुळात एडिटर, त्याला स्वतःला जावा कळतच नाही, त्यासाठी मागे कोड समजून घेणारा एक वेगळा प्रोग्रॅम, लँग्वेज सर्व्हर, चालतो. गंमत म्हणजे रेड हॅटचं जे जावा एक्स्टेंशन सगळे टाकतात त्याच्या आत एक्लिप्सचंच जावा इंजिन आहे. त्यामुळे "आम्ही एक्लिप्स सोडून व्हीएस कोडवर आलो" म्हणणाऱ्यांनी जावापुरता चेहरा बदललाय, डोकं तेच आहे. हे एकदा लक्षात आलं की व्हीएस कोड हलका असतो या समजुतीचाही नीट विचार होतो. एडिटर पटकन उघडतो हे खरं, पण मोठा मेव्हन प्रोजेक्ट उघडल्यावर मागची जावा प्रोसेस स्वतःची मेमरी घेतेच, टास्क मॅनेजर उघडून बघा.

आता मुख्य मुद्दा, कोड वाचणं आणि बदलणं.

एक उदाहरण घेऊ. एका इंटरफेसमध्ये सेव्ह नावाची मेथड आहे, तिची चार इम्प्लिमेंटेशन आहेत, ती सव्वाशे ठिकाणांहून कॉल होते, आणि तुम्हाला तिला एक जादा पॅरामीटर द्यायचाय. इंटेलिजेत चेंज सिग्नेचर उघडा, पॅरामीटर टाका, जुन्या कॉलमध्ये डिफॉल्ट काय जायचं ते सांगा, प्रिव्ह्यू बघा, झालं, इंटरफेस, इम्प्लिमेंटेशन आणि कॉल सगळं एका दमात बदलतं. एक्लिप्समध्येही चेंज मेथड सिग्नेचर आहे आणि नीट काम करतो, या बाबतीत त्याला कमी लेखणारे लोक बहुतेक त्याचा रिफॅक्टर (कोडचं वागणं न बदलता मांडणी बदलायचा) मेनू कधी उघडत नाहीत. व्हीएस कोडमध्ये नाव बदलणं, मेथड वेगळी काढणं, सिग्नेचर बदलणं ही रोजची कामं होतात, पण यादी छोटी आहे, आणि जे यादीत नाही ते एरर बघत बघत हातानेच करावं लागतं. सव्वाशे ठिकाणी हाताने जाणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला माहीत आहे.

पण इंटेलिजे खरा पुढे जातो तो जावाच्या बाहेर. जुन्या प्रोजेक्टमध्ये क्लासचं नाव फक्त जावा फाइलमध्ये नसतं, ते एक्सएमएलमध्ये असतं, प्रॉपर्टीज फाइलमध्ये असतं, कुठेतरी स्ट्रिंगमध्ये लिहिलेलं असतं. इंटेलिजे नाव बदलताना विचारतो की कॉमेंट, स्ट्रिंग आणि बाकी टेक्स्टमध्येही शोधू का, आणि सापडलेलं सगळं वेगळ्या गटात दाखवतो, म्हणजे कुठलं बदलायचं कुठलं नाही ते तुम्ही ठरवता. पैसे भरलेल्या आवृत्तीत तर जावाच्या स्ट्रिंगमध्ये लिहिलेली एसक्यूएल क्वेरीसुद्धा त्याला कळते, डेटाबेस जोडून ठेवला तर टेबलातला कॉलम नसेल तर तिथेच अधोरेखित होतो. ही सोय एकदा वापरली की क्वेरीतला कॉलम चुकीचा आहे हे रनटाइमला कळणं सहनच होत नाही. एक्लिप्समध्येही क्लासचं पूर्ण नाव जावाबाहेरच्या फाइलमध्ये बदलायचा पर्याय आहे, पण स्प्रिंगची समज प्लगइनमधून आणावी लागते, व्हीएस कोडमध्येही तेच.

डीबगिंगमध्ये लोक समजतात तेवढा फरक नाही, कारण खाली तिघंही जेव्हीएमच्या (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या इंजिनाच्या) त्याच डीबग प्रोटोकॉलशी बोलतात. ब्रेकपॉइंट, कंडिशन टाकलेला ब्रेकपॉइंट, रिमोट डीबग हे सगळीकडे आहे. (कंडिशनवाला ब्रेकपॉइंट मोठ्या लूपमध्ये टाकला की प्रोग्रॅम रांगायला लागतो, हेही सगळीकडे आहे, तेव्हा आयडीईला दोष देऊ नका.) इंटेलिजे ओळीच्या शेजारीच व्हेरिएबलची व्हॅल्यू राखाडी अक्षरात दाखवतो, स्ट्रीमच्या प्रत्येक पायरीवर काय उरलं ते चित्रासारखं उलगडून दाखवतो, आणि थांबलेल्या जागी कुठलंही एक्सप्रेशन चालवून बघता येतं. एक्लिप्सची ताकद इथे वेगळी आहे. सेव्ह केल्याबरोबर कंपाइल होत असल्यामुळे डीबग चालू असताना मेथडच्या आतली ओळ बदलली, सेव्ह केलं, की बदल चालू प्रोग्रॅममध्ये जातो, आणि ड्रॉप टू फ्रेम मारून तीच मेथड परत पहिल्यापासून चालवता येते. इंटेलिजेतही हे होतं पण मधे एक कंपाइलची पायरी येते आणि ती पायरी दिवसभर जाणवते. दोन्हीकडे मर्यादा एकच, नेहमीच्या जेव्हीएमवर मेथडच्या आतलंच बदलता येतं, नवीन मेथड किंवा फील्ड टाकलं की रीस्टार्ट.

एक्लिप्सची अजून एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते आणि मला ती फार उपयोगाची वाटते. प्रोजेक्टमध्ये कुठेतरी कंपाइल एरर असली तरी तो कोड चालवू देतो. आधी विचारतो, पुढे जा म्हटलं की चालवतो, आणि फक्त ती मोडकी मेथड गाठली तरच तिथे एरर फेकतो. मोठा बदल अर्धवट झालेला असताना एकच टेस्ट चालवून बघायची असेल तर याला तोड नाही. पण याच स्वतंत्र कंपायलरची दुसरी बाजू अशी की जेनेरिक्सच्या गुंतागुंतीच्या कोडमध्ये एक्लिप्सचा कंपायलर आणि जावाचा नेहमीचा कंपायलर जावासी (javac) यांचं कधीकधी जुळत नाही, एक्लिप्समध्ये सगळं हिरवं आणि बिल्ड सर्व्हरवर लाल, असं होतं. तेव्हा एक्लिप्स वापरत असाल तर पुश करायच्या आधी टर्मिनलमधून मेव्हनचा पूर्ण बिल्ड मारायची सवय लावून घ्या.

मेमरीचं बोलायचं तर इंटेलिजेला मशीन बरं लागतं. त्याची डीफॉल्ट हीप (त्याला वापरायला दिलेली मेमरी) 2048 एमबी असते, मोठ्या प्रोजेक्टला ती वाढवावी लागते, वर बिल्डची वेगळी प्रोसेस, ब्राउझर, डॉकर, म्हणजे 8 जीबी रॅममध्ये ओढाताण होते, 16 मध्ये श्वास मिळतो. पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडल्यावर इंडेक्सिंग चालतं आणि तोपर्यंत सर्च, नेव्हिगेशन अर्धवटच, त्या वेळात "हा फारच स्लो आहे" असं ठरवू नका. जनरेट झालेला कोड, नोड मॉड्यूल्स असले फोल्डर एक्स्क्लूड करा, विंडोजवर अँटिव्हायरसला प्रोजेक्टचं फोल्डर वगळायला सांगा, फरक तिथेच दिसतो. एक्लिप्स कमी रॅममध्ये तुलनेने सुखाने चालतो आणि एकाच वर्कस्पेसमध्ये वीस प्रोजेक्ट एकत्र उघडे ठेवता येतात, जे इंटेलिजेत वेगवेगळ्या खिडक्या किंवा मॉड्यूल करून साधावं लागतं. मात्र एक्लिप्सचा वर्कस्पेस कधीकधी बिघडतो, मेव्हन म्हणतं सगळं ठीक आणि आयडीई म्हणतो क्लास सापडत नाही, मग प्रोजेक्ट अपडेट कर, क्लीन कर, शेवटी मेटाडेटाचं फोल्डर उडवून नवा वर्कस्पेस. इंटेलिजेत त्याची जागा इन्व्हॅलिडेट कॅशेस घेतं आणि व्हीएस कोडमध्ये जावा लँग्वेज सर्व्हरचा वर्कस्पेस क्लीन करायची कमांड. औषध तिघांनाही लागतं.

व्हीएस कोड मी कोणाला सुचवतो? ज्यांच्या दिवसात जावा एक हिस्सा आहे, बाकी पायथन, टाइपस्क्रिप्ट, टेराफॉर्म, यामल असं मिसळलेलं काम आहे, त्यांना. एकाच खिडकीत सगळं, आणि एसएसएचवरून दुसऱ्या मशीनवरचा किंवा कंटेनरमधला कोड असा उघडतो की जणू इथेच आहे. मायक्रोसॉफ्टने हे रिमोटचं 2019 मध्ये आणलं, इंटेलिजेतही अशी सोय नंतर आली, पण मला अजून व्हीएस कोडचीच जास्त सुटसुटीत वाटते. मात्र एक्स्टेंशन टाकताना हात आखडता ठेवा, एक्स्टेंशनला तुमच्या युजरला जे जे करता येतं ते बहुतेक सगळं करता येतं, तेव्हा पब्लिशर कोण आहे ते बघितल्याशिवाय काही टाकू नका आणि अनोळखी रेपो उघडला की वर्कस्पेस ट्रस्टच्या (या कोडवर विश्वास आहे का, या) प्रश्नाला न वाचता हो म्हणू नका.

पैशाचं थोडक्यात. एक्लिप्स पूर्ण फुकट. व्हीएस कोडही फुकट, त्याचा सोर्स एमआयटी लायसन्सखाली आहे पण मायक्रोसॉफ्ट जो तयार बिल्ड देतं त्याचं लायसन्स वेगळं, ज्यांना ते नको ते व्हीएस कोडियम वापरतात, फक्त मग मायक्रोसॉफ्टचं मार्केटप्लेस अधिकृतपणे वापरता येत नाही. इंटेलिजेच्या आधी कम्युनिटी आणि अल्टिमेट अशा दोन वेगळ्या आवृत्त्या होत्या, 2025.3 पासून एकच इन्स्टॉलर आहे, बेसिक भाग फुकट आणि अल्टिमेटच्या गोष्टी सबस्क्रिप्शनवर. वर्षभर सलग पैसे भरले तर त्या वर्षाच्या सुरुवातीची आवृत्ती पुढे कायम वापरता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कंपनी पैसे देत असेल आणि दिवसभर स्प्रिंग आणि डेटाबेसचंच काम असेल तर मी डोळे झाकून अल्टिमेट घेईन. स्वतःच्या खिशातून असेल तर आधी फुकट भागावर काम करून बघा, साध्या जावासाठी रिफॅक्टरिंग आणि डीबगर त्यात आहेच.

एआयच्या असिस्टंटवर आयडीई ठरवू नका, तिन्हीकडे काही ना काही मिळतं आणि दर काही महिन्यांनी चित्र बदलतं.

टीमसाठी ठरवत असाल तर सगळ्यांना एकच आयडीई लादण्यापेक्षा फॉरमॅटिंग एकच करा. दोघं दोन आयडीई वापरतात आणि प्रत्येक सेव्हला इम्पोर्टचा क्रम बदलतो, मग रिव्ह्यूमध्ये तीन ओळींचा बदल तीनशे ओळींचा दिसतो, भांडणं यावरून होतात. स्पॉटलेससारखं कोड आपोआप फॉरमॅट करणारं काहीतरी बिल्डमध्येच बसवा, म्हणजे मेव्हन किंवा ग्रेडलचं म्हणणं अंतिम. एक्लिप्सच्या फॉरमॅटरची एक्सएमएल फाइल व्हीएस कोडचं जावा एक्स्टेंशन थेट घेतं (इंजिन तेच म्हणून), इंटेलिजेतही ती इम्पोर्ट होते पण सगळे नियम तंतोतंत येतात असं नाही.

ट्रायल घेताना डेमो प्रोजेक्ट घेऊ नका, तुमचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वाईट प्रोजेक्ट घ्या. तो क्लोन करून उघडा, काही हाताने न करता बिल्ड होतो का बघा, बरीच इम्प्लिमेंटेशन असलेल्या एखाद्या इंटरफेसपासून योग्य क्लासपर्यंत जा, एक मेथड रिनेम करून डिफ वाचा, एक फेल होणारी टेस्ट डीबग करा, आणि मुद्दाम मर्ज कॉन्फ्लिक्ट तयार करून सोडवा. एक्लिप्समधून इंटेलिजेत जात असाल तर पहिल्या दिवशी कीमॅप एक्लिप्सचाच निवडा, तो तयार मिळतो, व्हीएस कोडलाही त्याचं एक्स्टेंशन आहे, नाहीतर बोटं अडखळतात आणि राग टूलवर निघतो. इंटेलिजेत सेव्ह न झालेल्या फाइलवरचा तारा (*) शोधू नका, तो आपोआप सेव्ह करतो, आणि काही उडालंच तर फोल्डरवर राइट क्लिक करून लोकल हिस्टरी उघडा, गिटमध्ये कमिट न केलेलंही तिथे सापडतं.