सोलापुरात राहून संशोधन प्रकल्पासह एम.एस्सी. रसायनशास्त्र : पूर्ण केलेल्या दोन वर्षांचा अभिप्राय

सोलापुरातील एका महाविद्यालयात 2023 साली मी एम.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश घेतला आणि 2025 साली हा अभ्यासक्रम पूर्ण केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या या अभ्यासक्रमाच्या 88 श्रेयांकांपैकी 4 संशोधन पद्धतीला, तिसऱ्या सत्रातील 4 आणि चौथ्या सत्रातील 6 संशोधन प्रकल्पाला आहेत. यासाठी पुण्या-मुंबईला जावेच लागते का, असे ओळखीचे पालक विचारतात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. माझ्या मते संशोधनाची शिस्त येथेही उत्तम लागू शकते, मात्र त्यासाठी विभागाची इमारत पाहण्यापेक्षा मार्गदर्शकाचा वेळ आणि प्रयोगशाळेची वेळ पाहून प्रवेश घ्यावा.

माझा विषय गावातूनच आला. चादरी आणि टॉवेल यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात सूत रंगवल्यानंतरच्या पाण्याचा प्रश्न जुना आहे, त्यामुळे झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाशात रंगाचे विघटन करायचे, असे ठरले. झिंक ॲसिटेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून मिळालेला साका (द्रावणातून खाली बसलेला घन पदार्थ) 400 अंशांवर भट्टीत तापवून पांढरी भुकटी तयार झाली. एक लिटरला 10 मिलिग्रॅम या प्रमाणात मिथिलीन ब्लू हा निळा रंग घेऊन 100 मिलिलिटर द्रावणात 50 मिलिग्रॅम भुकटी घातली आणि फेब्रुवारीच्या उन्हात विभागाच्या गच्चीवर चंचुपात्र ठेवले. दोन तासांत निळा रंग जवळजवळ नाहीसा झाला. मी ते चंचुपात्र तसेच उचलून आनंदाने मार्गदर्शक मॅडमना दाखवायला नेले.

मॅडमनी पात्र उजेडाकडे धरून पाहिले आणि विचारले, "अगं, भुकटी न घातलेलं दुसरं पात्र कुठे आहे?" ते मी ठेवलेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी चार पात्रे मांडली: नुसता रंग उन्हात, नुसता रंग अंधारात, रंग आणि भुकटी उन्हात, रंग आणि भुकटी अंधारात. भुकटीशिवायच्या उन्हातील पात्रातही रंग डोळ्यांना दिसेल इतका उतरला होता, आणि अंधारातील भुकटीने थोडा रंग नुसताच स्वतःवर धरून ठेवला होता. म्हणजे ज्या यशाचे श्रेय मी उत्प्रेरकाला, म्हणजे विघटन वेगाने घडवणाऱ्या भुकटीला, देत होते, त्यातील बराच वाटा उन्हाचा आणि अधिशोषणाचा, म्हणजे रंग नुसता पृष्ठभागावर धरला जाण्याचा, होता. त्यानंतर प्रत्येक प्रयोगात आधी अर्धा तास अंधारात ढवळणे, नमुना सेंट्रिफ्यूज करून कण खाली बसवणे आणि मगच 664 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात उरलेला रंग मोजणे हा क्रम मोडला नाही, कारण तरंगणारे कण प्रकाश विखुरतात आणि आकडा खोटा येतो. रंग गेला म्हणजे पदार्थ गेला असेही नाही. मिथिलीन ब्लूचे क्षपण झाले (त्याला इलेक्ट्रॉन मिळाले) की तो रंगहीन होतो आणि हवेत पुन्हा निळा होऊ शकतो. त्यामुळे पोटॅशियम डायक्रोमेटसोबत दोन तास उकळून पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यात उरलेल्या सेंद्रिय पदार्थांचे मापही, मोजावी लागली. त्या टायट्रेशनमध्ये निळसर हिरवा रंग एका थेंबात तांबूस तपकिरी होतो, तो थेंब ओळखायला मला तीन आठवडे लागले. संपूर्ण अभ्यासक्रमात मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते हेच शिक्षण, आणि ते कोणत्याही व्याख्यानातून मिळाले नसते.

चौथ्या सत्रात एका रंगाई कारखान्यातून खरे सांडपाणी आणले, तेव्हा तीच भुकटी जवळपास निष्प्रभ ठरली. याचे कारण शोधण्यात महिना गेला आणि प्रबंधातील सर्वांत चांगले प्रकरण त्यातूनच उभे राहिले. सुती कापडासाठी वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, तर मिथिलीन ब्लू धनभारित आहे. रंग पक्का बसावा म्हणून त्या पाण्यात भरपूर मीठ आणि सोडा असतो, त्यामुळे त्याचा सामू (पीएच) 10 च्या पुढे होता, आणि सामू साधारण 9 च्या वर गेला की झिंक ऑक्साइडचा पृष्ठभागही ऋणभारित होतो. दोघेही ऋणभारित असल्यामुळे रंग भुकटीजवळ येईनासा झाला. शिवाय विघटन घडवून आणणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील कण) सोड्यातील कार्बोनेट मध्येच खाऊन टाकते. सामू 7 पर्यंत उतरवल्यावर परिणाम सुधारले, पण मिथिलीन ब्लूइतके कधीच आले नाहीत. मॅडमनी ते आकडे जसेच्या तसे प्रबंधात लिहायला लावले, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

सोयींबाबत मात्र माझ्या तक्रारी आहेत आणि त्या स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. प्रयोगशाळा सायंकाळी पाच वाजता बंद होत असे. सकाळी तासिका असत, त्यामुळे सहा-सात तासांचा प्रयोग एका दिवसात बसतच नसे. अखेर आम्ही पाच जणांनी लेखी अर्ज दिल्यावर शेवटचे तीन महिने आठ वाजेपर्यंतची परवानगी मिळाली, जी पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात डिस्टिल्ड वॉटरचे यंत्र थंड ठेवण्यासाठी सतत वाहते पाणी लागते, आणि विभागाने ते पाणी टाकीत फिरवून पुन्हा वापरण्याची साधी व्यवस्थाही केलेली नव्हती. टाकी रिकामी झाली की आम्ही स्वतःच्या पैशांनी कॅन आणत होतो. एनएमआर (रेणूची रचना ओळखणारी चाचणी) आणि एक्सआरडी (स्फटिकाची रचना ओळखणारी क्ष-किरण चाचणी) यांसाठी नमुने बाहेरगावी पाठवावे लागत, त्याचे शुल्क विद्यार्थ्याकडूनच घेतले जाई आणि माझा एक्सआरडीचा आलेख हाती यायला पाच आठवडे लागले.

उन्हाळ्याचा विचार तर वेळापत्रक करणाऱ्यांनी केलेलाच नसावा. डायक्लोरोमीथेन या द्रावकाचा उत्कलनबिंदू सुमारे 40 अंश आणि डायएथिल ईथर या द्रावकाचा 34.6 अंश आहे. एप्रिलमध्ये आमच्या प्रयोगशाळेत दुपारी पारा 41 वर असे, आणि शेजारच्या टेबलावरील मैत्रिणीच्या कॉलममध्ये (संयुग शुद्ध करण्यासाठी सिलिका भरलेल्या काचेच्या नळीत) द्रावकाचे बुडबुडे होऊन सिलिका मधोमध तडकत असे. तिचे दोन आठवड्यांचे संयुग अशा एका दुपारी वाया गेले. सेंद्रिय विषय घेणाऱ्यांनी शुद्धीकरणाची कामे मार्चपूर्वी उरकावीत किंवा पहाटेची परवानगी आधीच मिळवून ठेवावी.

एवढे असूनही मी पुन्हा हाच विभाग आणि याच मार्गदर्शक निवडीन. घरी राहिल्यामुळे खोलीभाडे आणि मेसचा खर्च वाचला, आणि वडील स्वतः यंत्रमागावर काम करतात, त्यामुळे माझ्या प्रकल्पातील प्रत्येक प्रश्न घरात समजून घेतला गेला. सध्या मी सेट आणि सीएसआयआर-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांची तयारी करत आहे, आणि मुलाखतीच्या सरावात मला सर्वाधिक प्रश्न भुकटी ज्यात निष्प्रभ ठरली त्या सांडपाण्यावरच विचारले जातात. प्रवेश घेण्यापूर्वी विभागात एखाद्या शनिवारी दुपारी चार वाजता जावे, प्रयोगशाळा उघडी आहे का ते पाहावे, आणि शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याची प्रयोगवही मागून तिच्यात फसलेल्या प्रयोगांच्या नोंदींवर मार्गदर्शकाची तारखेसह सही आहे का, ते तपासावे.