डायमिथिल फ्युमरेट: वर्षभराच्या वापरानंतर

मल्टिपल स्क्लेरोसिससाठी (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) मी आधी इंटरफेरॉन बीटा-१ए हे ३० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा मांडीत घेत होते. त्या रात्रीची कणकण आणि अंगदुखी पॅरासिटामोलवर निभावत असे. माझी खरी तक्रार फ्रीजची होती. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि देवगडकडे पावसाळ्यात वीज एकदा गेली की कधी येईल याचा नेम नसतो. त्यात गेल्या पावसाळ्यात वितरकाकडून आलेल्या खोक्यातले बर्फाचे पाऊच कोमट होऊन गेलेले असतानाही त्याने औषध बदलून देण्यास साफ नकार दिला. इतके महागडे इंजेक्शन न वापरता टाकावे लागले, याचा संताप अजून गेलेला नाही.

त्यानंतर कोल्हापूरच्या न्यूरॉलॉजिस्टांनी डायमिथिल फ्युमरेटच्या कॅप्सूल सुरू केल्या: पहिला आठवडा दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम, पुढे दोनदा २४०. भारतीय कंपनीचे जेनेरिक असल्याने खर्च पुष्कळ उतरला आणि फ्रीजची कटकट संपली. माजघरातले कोरडे कपाट पुरते.

सुरुवातीचे काही आठवडे मात्र कॅप्सूल घेतल्यावर थोड्या वेळाने कान, मान आणि छाती लालबुंद होऊन खाज सुटे. या आजारात उष्म्याने जुनी लक्षणे तात्पुरती वर येतात, त्यामुळे मे महिन्याच्या घामट दुपारी ही लाली उठली आणि पाय जड झाले की रिलॅप्सच, म्हणजे आजाराचा नवा झटका, आला असे वाटून मी घाबरत असे. प्रत्यक्षात ती लाली त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने येते आणि आपोआप ओसरते. चहा-बिस्किटावर कॅप्सूल घेतली की पोटात मुरडा ठरलेला. उकड्या तांदळाची पेज आणि अंडे खाऊन घेतली, तर दोन्ही त्रास बरेच कमी होतात.

इथवर मी या औषधाला पूर्ण गुण दिले असते. पण सहा महिन्यांच्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) उतरलेले दिसले, आणि तालुक्याच्या लॅबच्या कागदावर नुसती टक्केवारी छापलेली होती. एकूण पांढऱ्या पेशी ४२०० आणि लिम्फोसाइट २० टक्के, म्हणजे प्रत्यक्ष संख्या ८४०. ही संख्या ५०० च्या खाली सहा महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर औषध थांबवण्याचा विचार करावा लागतो, कारण पीएमएल हा मेंदूचा दुर्मिळ पण गंभीर संसर्ग होण्याचा धोका तेव्हा वाढतो. कॅप्सूल मी चालू ठेवल्या आहेत, तपासणी आता तीन महिन्यांनी होते, आणि लॅबमध्ये लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या लिहून घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही.