मिरजेतलं मधुमेही पायांचं क्लिनिक: आमचा अनुभव

यांच्या पायांचं दुखणं नेमकं कशाचं, ते इथेच पहिल्यांदा कळलं, म्हणून पाचपैकी पाच स्टार.

यांना डायबेटिस असल्याचं निघालं तेव्हा एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, १३.२ होती. लगेच इन्सुलिन सुरू झालं. यांनी भात, गोड सगळं तोडलं, पहाटे चालायला लागले, आणि तीन महिन्यांत रिपोर्ट ७.४ वर आला. घरात सगळ्यांनी कौतुक केलं. त्यानंतर काही आठवड्यांतच तळव्यांची आग सुरू झाली. रात्री पायाला चादर शिवलेली खपेना. मग पलंगाच्या पायथ्याशी पाट उभा करून त्याच्यावरून चादर टाकायची, म्हणजे अंग झाकेल पण बोटांना लागणार नाही. आधी दाखवलं तिथे उत्तर मिळालं, "शुगर छान आहे, मग दुखायचं कारणच नाही." नातेवाईक म्हणायला लागले, इन्सुलिननंच पाय गेले, बंद करा.

इथल्या डॉक्टर मॅडमनी आधी जुने रिपोर्ट मागितले. १३.२ आणि ७.४ शेजारी ठेवले आणि मधल्या तारखा बघितल्या. मग नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून कुठे कळतं ते पाहिलं, ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) अंगठ्याला लावला, बी१२ व्हिटॅमिन तपासायला दिलं. बीपी झोपवून घेतलं आणि उभं करूनही घेतलं. उभं राहिल्यावर ते चांगलंच उतरलं. सकाळी उठताना यांना चक्कर का यायची, ते तेव्हा समजलं.

त्यांनी सांगितलं ते असं: फार वाढलेली शुगर फार वेगानं खाली आली तर बारीक नसांना इजा होऊ शकते. याची नोंद १९३३ पासून आहे. तेव्हा याला इन्सुलिन न्यूरायटिस, म्हणजे इन्सुलिननं होणारा नसांचा दाह, म्हणत, पण गोळ्यांनी किंवा नुसत्या पथ्यानं शुगर झपाट्यानं उतरली तरी हे होतं. बोस्टनच्या गिबन्स आणि फ्रीमन या डॉक्टरांनी २०१५ मध्ये त्यांच्याकडच्या रुग्णांचे आकडे छापले. तीन महिन्यांत एचबीए१सी २ ते ३ अंकांनी उतरलं तर धोका सुमारे २० टक्के, ४ च्या वर उतरलं तर ८० टक्क्यांहून जास्त. यांचं जवळजवळ ६ नं उतरलं होतं! मॅडमनी ठणकावून सांगितलं की इन्सुलिन सोडायचं नाही, शुगर पुन्हा चढू द्यायची नाही. डोळ्यांचा पडदाही लगेच तपासून घ्यायला लावला, कारण अशा वेळी त्यालाही त्रास होऊ शकतो.

नसांच्या दुखण्यावरची प्रेगाबालिन रात्री घ्यायला लहान डोसपासून सुरू केली. महिने लागतील, पण बहुतेकांचं कमी होतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि त्या एका वाक्यानं यांना केवढा धीर आला! आता चादर चालते, मोजे अजून नाहीत. डायबेटिसची चप्पल इथूनच घ्या असा आग्रह कुणी केला नाही, हेही मला आवडलं.

तक्रार एकच, आणि ती मनापासून करते. पाय दुखणाऱ्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. यांना कठड्याला धरून वर यावं लागतं. खाली एक खोली तरी घ्यावी.

जाताना शुगर निघाली तेव्हाचा पहिला रिपोर्ट आठवणीनं न्या, नुसता ताजा नको. सोमवारी फार गर्दी असते. गुरुवारी दुपारी गेलात तर निवांत बोलतात.