घरशाळेसाठी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ : काय शिकवता येतं, कुठे अडतं

घरशाळेत वापरण्यासारखे मराठी सिनेमे शोधायला गेलं तर परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) फार वर ठेवावा लागतो. भारताचा पहिला चित्रपट मानला जाणारा ‘राजा हरिश्चंद्र’ दादासाहेब फाळक्यांनी कसा बनवला याची ही गोष्ट. यात एक वस्तू घरात, घरातल्या माणसांच्या हातून तयार होताना दिसते, आणि त्यातलं बरंच मुलांना करूनही बघता येतं. वय ९ ते १३. लांबी साधारण दीड तास.

सलग दाखवू नका. तीन बैठका करा आणि प्रत्येक बैठकीत मधे न थांबवता बघू द्या. दर दोन मिनिटांनी सिनेमा थांबवून प्रश्न विचारले की मुलं गोष्टीतून बाहेर पडतात, ती परत आत येत नाहीत. पहिली बैठक वाटाण्याच्या रोपाच्या प्रसंगापाशी संपवा. भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून फाळक्यांनी वाटाण्याच्या वाढीचं एकेक चित्र घेत छोटा चित्रपट केला होता. सिनेमा तिथे थांबला की त्याच रात्री वाटाणे भिजत घाला.

अख्खे, सालासकटचे वाटाणे घ्या. सोललेली डाळ रुजत नाही. ८-१० तास भिजवा. काचेच्या उभ्या ग्लासात टिपकागदाची गुंडाळी बसवून काच आणि कागद यांच्यामध्ये ३-४ दाणे अडकवा. तळाला बोटभर पाणी पुरे. दाणे पाण्यात बुडाले की कुजतात आणि बुरशी धरते. समोर फोन घट्ट बांधा आणि रोपाला वर वाढायला चौकटीत वीतभर जागा सोडा. दर १५ मिनिटांनी एक फोटो घेतला तर दिवसाला ९६, आठ दिवसांत ७६८. सेकंदाला १६ चित्रांनी चालवले की ४८ सेकंदांची फिल्म. फोनमधला तयार टाइमलॅप्स बहुधा दर काही सेकंदांनी फोटो घेतो, त्यामुळे अंतर ठरवता येईल असं अ‍ॅप लागतं. ते वापरताना बॅटरी बचतीचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर रात्री अ‍ॅप झोपतं आणि सकाळी फोटोच नसतात.

फिल्म सगळ्यात जास्त बिघडते ती उजेडाने. खिडकीचा उजेड दिवसभर बदलतो, कॅमेरा दर फोटोला नवा हिशेब करतो आणि फिल्म लुकलुकते. पडदा ओढून एक एलईडी दिवा रात्रंदिवस चालू ठेवा. फोनच्या स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा. दिवा एका बाजूला असेल तर कोंब तिकडे झुकतो. झुकू द्या, विज्ञानाच्या पुस्तकातलं प्रकाशानुवर्तन डोळ्यांसमोर घडतं. धीर कमी असेल तर मटकी घ्या, तीन-चार दिवसांत काम होतं.

दुसरा प्रयोग कागदाचा. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं घरीच पाडावी लागत, आणि अंधारात बसून हे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चित्राला प्रत्येक कडेला चार भोकं असतात, फुटाला १६ चित्रं. म्हणजे फुटाला १२८ भोकं. २०० फुटांचं रीळ धरलं तर २५,६००. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या. मग ७ सेंटिमीटर रुंदीची कागदी पट्टी कापून डोळे बांधून, दर साडेनऊ मिलिमीटरला एक भोक पाडायला सांगा. मूळ मापाची पट्टी घेऊ नका: साध्या पंचचं भोक जवळपास ६ मिलिमीटरचं आणि फिल्मवरच्या दोन भोकांमधलं अंतर पावणेपाच, त्यामुळे भोकं एकमेकांत घुसतात. दहाव्या भोकापर्यंत पट्टी हमखास तिरकी जाते, कारण प्रत्येक चूक पुढच्या मापात साठत जाते. आधीचं भोक खिळ्यात अडकवून पुढचं पाडलं की ती थांबते. पडद्यावरचं चित्र थरथरू नये म्हणून भोकं इतकी नेमकी का लागतात, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. सेकंदाला १६ चित्रं म्हणजे बरोबर सेकंदाला एक फूट. ६१ मिनिटं ४० सेकंद. तीच फिल्म २४ च्या वेगाने दाखवली तर सुमारे ४१ मिनिटं. जुन्या मूकपटांतली माणसं धावल्यासारखी का दिसतात, याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

आता उणिवा. विनोदी बाज मुलांना धरून ठेवतो, पण त्यामुळे कर्ज, विकलेलं सामान, फाळक्यांच्या डोळ्यांचं दुखणं हलकं वाटतं. काळाचं भानही सुटतं, म्हणून भिंतीवर पट्टी लावा: १८९६ मुंबईत ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा खेळ, १९१२ फाळक्यांची लंडनवारी, ३ मे १९१३ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’चं प्रदर्शन, १९४४ नाशिकला फाळक्यांचा मृत्यू. यशानंतरची ओढाताण सिनेमात नाही. ‘पहिला’ हा शब्दही तपासून घ्या. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मे १९१२ मध्येच लागला होता, पण ते नाटकाचं चित्रण होतं. मुलांनी दोन्ही बाजू लिहाव्यात. स्त्री-भूमिकेसाठी बाई शोधत फाळके वेश्यावस्तीत जातात, तो भाग आधी स्वतः बघून उत्तर तयार ठेवा. दहा वर्षांचं मूल विचारतंच.

परदेशातल्या मराठी घरांत पहिल्यांदा बघताना इंग्रजी सबटायटल्स बंद ठेवा, दुसऱ्यांदा लावा. डोळे खाली गेले की चेहरे आणि मागचं काम दिसत नाही, आणि या सिनेमात शिकण्यासारखं बरंचसं मागेच चाललेलं असतं.