मोठ्या नावाची लॅब की नुकतीच उघडलेली? पोस्टडॉकच्या दोन ऑफर समोर असताना

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर काही वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये करायच्या संशोधनाच्या, दोन ऑफर हातात आहेत. पहिली अशा लॅबची, जिचं नाव काढलं की त्या विषयातला कुणीही भुवया उंचावतो. पस्तीस माणसं, त्यातले पंधरा पोस्टडॉक, आणि वर्षाकाठी मोठ्या जर्नलमध्ये दोन-तीन पेपर ठरलेले. दुसरी दीड वर्षापूर्वी असिस्टंट प्रोफेसर झालेल्या एकाची. तिथे एक टेक्निशियन, पीएचडीचे दोन विद्यार्थी आणि कोपऱ्यात अजून खोक्यातच असलेला मायक्रोस्कोप. पीएचडी संपत आलेली मुलं-मुली मला "काय करू?" असं विचारतात, तेव्हा बहुतेकांनी मनातल्या मनात पहिलीला होकार देऊन टाकलेला असतो. माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो.

मी दोन्हीकडे राहिले आहे. आधी तीन वर्षं मोठ्या लॅबमध्ये, मग अडीच वर्षं नव्या लॅबमध्ये. त्यामुळे शिक्का मारायला माझा हात जरा जड आहे. छोट्या लॅबची वकिली करायलाही मी बसलेली नाही. आणि हे सगळं प्रयोगशाळेत चालणाऱ्या विषयांबद्दल आहे. गणितात किंवा इतिहासात पोस्टडॉक बरंचसं आपापलं एकट्याचं काम असतं, तिथलं गणित वेगळं.

पीआय किती वाट्याला येतात

पीआय म्हणजे लॅबचे प्रमुख. मोठ्या लॅबमध्ये ग्रुप मीटिंगला दर आठवड्याला एक जण बोलतो. पस्तीस जण असतील तर तुमची पाळी आठ महिन्यांनी येणार. तीन वर्षांत चार-पाच वेळा. स्वतंत्र भेट महिन्या-दीड महिन्यातून एकदा, तीही पीआय गावात असतील तर. रोजचं मार्गदर्शन शेजारच्या बेंचवरचा सीनियर पोस्टडॉक करतो, आणि तो चांगला निघाला तर तुमचं नशीब. मला चांगला मिळाला. मायक्रोस्कोपीतलं मला जे येतं त्यातलं निम्मं त्याने शिकवलेलं आहे, पीआयनी नाही.

नव्या लॅबमध्ये पीआय शेजारीच उभे असतात. दहा वाजता प्रयोगाचं जेल लावलं की अकराला "काय दिसलं?" म्हणून हजर. पहिले दोन महिने हे फार छान वाटतं, नंतर गुदमरायला होतं. पण एक गोष्ट मला तिथेच मिळाली, मोठ्या लॅबमध्ये ती कधीच मिळाली नसती. आमचे पीआय त्यांची पहिली मोठी ग्रँट, म्हणजे संशोधनाच्या निधीसाठीचा अर्ज, लिहीत होते आणि तिच्या उद्दिष्टांचं पान रोज माझ्या टेबलावर आणून ठेवत होते. त्या एका पानाचे अकरा खर्डे मी पाहिले. तिसऱ्या खर्ड्यात चार उद्दिष्टं होती, सातव्यात तीन झाली आणि शेवटच्यात दोनच उरली. पहिलं उद्दिष्ट फसलं तर दुसरंही कोसळेल अशी रचना करायची नाही, हे मी ते पान पाहत शिकले. मोठ्या लॅबमध्ये ग्रँट पीआयच्या खोलीत लिहिली जायची आणि आमच्याकडे फक्त निरोप यायचा: "उद्यापर्यंत एक फिगर पाठव."

जाताना काय घेऊन जाणार

तुम्हाला पुढे स्वतःची लॅब हवी असेल तर माझ्या मते निर्णय इथेच होतो. बाकीचे मुद्दे त्यामानाने दुय्यम.

फॅकल्टीच्या मुलाखतीत चॉक टॉक असतो. स्लाइड नाहीत, फक्त फळा, समोर निवड समिती, आणि पुढची पाच वर्षं काय करणार ते सांगायचं. तिथे एक प्रश्न हमखास येतो: "हे तुमच्या पीआयपेक्षा वेगळं कसं?" या प्रश्नाचं उत्तर मुलाखतीच्या आदल्या रात्री तयार करता येत नाही. पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षापासून ते घडवत आणावं लागतं.

बहुतेकांचा अंदाज असा, की मोठे पीआय सगळं स्वतःकडे ठेवतील आणि छोट्या लॅबमध्ये मोकळीक मिळेल. माझा अनुभव उलटा आहे. मोठ्या लॅबकडे प्रश्नांची ददात नसते, एखादा कुणी घेऊन गेला तरी त्यांना फरक पडत नाही. नव्या पीआयकडे मात्र मोजून दोन-तीन कल्पना असतात आणि त्यांचं टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, त्या कल्पनांवरच उभं असतं. त्यातली एक तुम्ही नेलीत तर त्यांच्याकडे उरणार काय? यात त्यांचा स्वभाव वाईट असतो असं अजिबात नाही. त्यांना ते परवडतच नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ जेनिफर डाउडना यांचं उदाहरण इथे चांगलं बसतं. १९८९ चं नोबेल मिळालेल्या थॉमस चेक यांच्या लॅबमध्ये त्या पोस्टडॉक होत्या. आरएनएचा एन्झाइमसारखं काम करणारा रेणू क्रिस्टलोग्राफीने, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण टाकून, दिसतो कसा, हा प्रश्न त्यांनी तिथे हाती घेतला आणि १९९४ मध्ये येल विद्यापीठात स्वतःची लॅब सुरू करताना सोबत नेला. १९९६ मध्ये त्या रेणूच्या एका मोठ्या भागाची रचना प्रसिद्ध झाली. त्या पेपरवर चेक यांचं नाव आहे, पण शेवटचं नाव डाउडना यांचं. जीवशास्त्रात शेवटचं नाव म्हणजे काम ज्यांच्या लॅबचं त्यांचं.

अर्थात सगळे मोठे पीआय असे नसतात. एकाच प्रश्नावर दोन पोस्टडॉकना एकमेकांच्या नकळत लावून देणारी लॅबही मी जवळून पाहिली आहे. जो आधी पोचला त्याचा पेपर, दुसऱ्याची दोन वर्षं पाण्यात. म्हणून रुजू होण्याआधीच विचारा: "मी जाताना या कामातलं काय नेऊ शकेन?" विचारायला अवघड वाटतं हे मला माहीत आहे, तरी विचारा. आणि उत्तर फोनवर मिळालं तर नंतर दोन ओळींची मेल टाका, "आपलं असं बोलणं झालं" म्हणून.

पेपर आणि श्रेय

मोठ्या लॅबचा पेपर वाचला जातो. संपादक तो उघडून बघतात, परिषदेत लोक त्यावर बोलतात. पण बोलताना नाव घेतात पीआयचं. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच याला 'मॅथ्यू इफेक्ट' असं नाव दिलं: ज्याचं नाव आधीच मोठं, श्रेय त्याच्याच खात्यात जातं. शिवाय मोठ्या लॅबमध्ये पहिल्या लेखकाच्या जागी तीन नावं आणि त्यांवर समसमान वाटा दाखवणाऱ्या चांदण्या, हे आता नेहमीचंच झालंय. पुष्कळ जर्नल आता 'क्रेडिट' पद्धतीने, म्हणजे १४ ठरलेल्या भूमिकांमध्ये, कुणी काय केलं ते छापतात. तिथे तुमच्या नावापुढे नेमकं काय येतंय यावर लक्ष ठेवा. त्यावरून भांडायचं असेल तर पेपर पाठवण्याआधी, नंतर नाही.

२०१९ मध्ये नेचर या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. साडेसहा कोटींहून अधिक पेपर, पेटंट आणि सॉफ्टवेअर तपासून त्या संशोधकांनी म्हटलं, की छोट्या टीम जुन्या वाटेला फाटा फोडतात आणि मोठ्या टीम आहे तीच वाट पुढे नेतात. छोट्या लॅबची बाजू घेणारे हा हटकून पुढे करतात. पण त्यात मोजली होती एका कामामागची माणसं, लॅबचा आकार नाही. पस्तीस जणांच्या लॅबमधूनही तिघांचा पेपर निघतो.

पैसा आणि दोन घड्याळं

एक घड्याळ नव्या पीआयचं. त्यांच्याकडे सुरुवातीला विद्यापीठाने दिलेला स्टार्टअप फंड असतो. तो संपायच्या आत बाहेरची ग्रँट मिळवावी लागते आणि साधारण पाचव्या ते सातव्या वर्षी टेन्युअरचा फैसला होतो. पहिल्या वर्षी गेलात तर ऑर्डरी, परवानग्या आणि न चालणारी यंत्रं यात तुमचं वर्ष जाईल. पाचव्या वर्षी गेलात तर पीआयचे अडलेले पेपर पुरे करण्यात. दुसरं-तिसरं वर्ष सगळ्यात चांगलं: यंत्रं चालू झालेली असतात, पैसे शिल्लक असतात आणि पीआयची झोप अजून उडालेली नसते. "माझा पगार कुठल्या खात्यातून आणि कधीपर्यंत?" हे सरळ विचारा. चांगल्या पीआयना त्याचा राग येत नाही.

दुसरं घड्याळ तुमचं, आणि त्याचा विसर पडतो. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेच्या पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडी होऊन दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं के-९९ हे अनुदान पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त झाला की हातचं जातं. पहिली दोन वर्षं पीआयच्या हाताखाली आणि पुढची तीन स्वतःच्या लॅबमध्ये अशी त्याची आखणी आहे, म्हणून ते मिळालेल्या माणसाकडे निवड समित्या वेगळ्या नजरेने पाहतात. जर्मनीत विद्यापीठातल्या मुदतीच्या नेमणुकांवर कायद्याने मर्यादा आहे, पीएचडीनंतर साधारण सहा वर्षं. म्हणजे नव्या लॅबमध्ये खोकी उघडण्यात गेलेलं एक वर्ष वाटतं त्यापेक्षा महाग पडतं.

याहून फसवी अट युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपची आहे. अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही ज्या देशात जाणार तिथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. "आधी येऊन काम सुरू कर, फेलोशिपचं पुढच्या वर्षी बघू" असं पीआय म्हणाले आणि तुम्ही गेलात, तर पुढच्या वर्षी कदाचित तुम्ही अर्जालाच अपात्र असाल. यात बळी गेलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीची सूचनाच वाचायची.

स्वतःची फेलोशिप घेऊन जाणाऱ्याला मात्र मोठी लॅब जास्त मानवते. पगार पीआयच्या ग्रँटवर नसला की त्या ग्रँटमध्ये लिहिलेलंच काम करण्याचं बंधन बरंच सैल होतं, आणि तिथली यंत्रसामग्री तर आयती हाताशी असते.

शिफारसपत्र

मोठ्या पीआयचं पत्र लहान असलं तरी चालतं, कारण त्यांनी पन्नास पोस्टडॉक पाहिलेले असतात. "गेल्या दहा वर्षांतल्या पहिल्या तिघांत" या एका ओळीचं वजन समितीला कळतं. मात्र त्यांना तुम्ही खरंच माहीत असायला हवं. नाहीतर पत्राचा दुसरा परिच्छेद तुमच्याच पेपरच्या सारांशावरून उचललेला असतो. मला एकदा "मसुदा तूच करून पाठव" असं सांगण्यात आलं होतं. तेव्हा लक्षात आलं, की तीन वर्षांत आमचं नीट बोलणंच झालेलं नाही.

नव्या पीआयचं पत्र तीन पानी असेल, त्यात तुमचा प्रत्येक गुण उदाहरणासकट असेल. पण तुलना करायला त्यांच्याकडे दुसरा पोस्टडॉकच नाही. म्हणून तिथे जाणाऱ्याने पहिल्याच वर्षी बाहेरचा एक सीनियर माणूस जोडून ठेवावा. सहकार्याचं काम असो किंवा विभागातल्या दुसऱ्या कुणाशी नियमित बोलणं, काहीही चालेल.

आणि पत्र उत्तम असलं तरी नोकरी मिळतेच असं नाही. वेंकी रामकृष्णन येलमध्ये पीटर मूर यांच्याकडे पोस्टडॉक होते. जागा चांगली, काम चांगलं. त्यांनी पन्नासेक ठिकाणी फॅकल्टीसाठी अर्ज केले, एकही लागला नाही, आणि ते सरकारी राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये संशोधक म्हणून गेले. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते तुम्हाला मिळेल असं मी सुचवत नाही. पन्नास नकार ही या बाजारातली नेहमीची बाब आहे, एवढंच.

उद्योगात जायचं मनात असेल तर फार विचार नको. कंपन्यांमध्ये जिचे जुने लोक जास्त आहेत ती लॅब घ्या, आणि ती बहुधा मोठीच असते.

मग कुणी कुठे जावं

विषय बदलत असाल, तंत्र नवीन असेल, कुणीतरी रोज शेजारी हवं असेल, तर नवी लॅब. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली, आणि दोन वर्षांच्या पगाराची खात्री लेखी घेऊन. प्रश्न डोक्यात पक्का असेल, स्वतःची फेलोशिप असेल किंवा मिळण्यासारखी असेल, महिनाभर कुणी विचारलं नाही तरी काम अडत नसेल, तर मोठी. या दोन्हींत न बसणाऱ्यांनी सहा-सात वर्षं जुनी, टेन्युअर नुकतंच झालेली लॅब शोधावी. अशा लॅबना कुणी भाव देत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा तोच.

लॅबच्या संकेतस्थळावर माजी सदस्यांची यादी असते, तिच्यावर विसंबू नका. तिथे प्रोफेसर झालेले आवर्जून असतात, बाकीचे हळूच गळतात. आठ वर्षांपूर्वीचे त्या लॅबचे पेपर काढा, मधल्या लेखकांची नावं टिपा आणि ते आज कुठे आहेत ते शोधा. तासाभराचं काम आहे. मग त्यातल्या दोघांना फोन करा. मेलवर कुणी खरं लिहीत नाही.

माझ्या एका ज्युनियरने गेल्या खेपेला हे सगळं केलं. दोन्ही पीआयना तिने तोच प्रश्न विचारला, जाताना काय नेता येईल म्हणून. नव्या पीआयनी त्याच संध्याकाळी फोन केला आणि अर्धा तास बोलले. मुख्य प्रोजेक्ट देता येणार नाही, पण त्यातून काही फुटलं तर ते तुझं, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठ्या पीआयचं उत्तर नऊ दिवसांनी आलं, एका ओळीचं: "प्रोजेक्टचा दुसरा भाग तुझा, तिसऱ्याचं नंतर बोलू." ती मोठ्या लॅबमध्ये गेली. तिसऱ्याचं बोलणं अजून झालेलं नाही. दर सहा महिन्यांनी ती आठवण करते.