धरमपेठेतील जर्मन वर्ग : क्रियापद पक्के, नकार कच्चा

नागपूरच्या धरमपेठेतील एका खासगी वर्गात मी गेल्या तीन महिन्यांत जर्मन भाषेची ए-१ ही सर्वांत प्राथमिक पातळी पूर्ण केली. शब्दक्रम शिकवण्यात हा वर्ग उत्तम आहे. नकाराच्या बाबतीत मात्र तेथील छापील टिपणांवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या स्थानी येते, हा नियम शिक्षिकांनी नुसता घोकून घेतला नाही. त्यांनी शब्दांच्या चिठ्ठ्या विद्यार्थ्यांच्या हाती देऊन त्यांना रांगेत उभे केले आणि 'फारे' (जाण्याचे क्रियापद) ही चिठ्ठी धरणाऱ्याला जागचे हलू दिले नाही. 'हॉयटे' (आज) रांगेच्या तोंडाशी आले की 'इश' (मी) निमूटपणे क्रियापदाच्या पलीकडे जायचा आणि 'हॉयटे फारे इश नाख वर्धा' हे वाक्य डोळ्यांदेखत उभे राहायचे. 'की' या अर्थाच्या 'दास'ने सुरू होणाऱ्या गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते. ते आपल्याला सवयीचेच असल्याने त्यावर फारसा वेळ गेला नाही.

'काइन'ही नीट समजले. मोसंबे हातात धरून शिक्षिका 'दास इस्ट काइने ओरांजे' (हे संत्रे नाही) म्हणाल्या आणि 'आइन' (एक) हे उपपद लागणाऱ्या किंवा उपपद नसलेल्या नामाचा नकार 'काइन'ने होतो, हे पुन्हा सांगावे लागले नाही. (मोसंब्याला संत्रे म्हणणे नागपुरात तसेही खपत नाही.)

माझी तक्रार 'निश्ट' म्हणजे 'नाही' या शब्दाबद्दल आहे. टिपणात 'निश्ट नेहमी वाक्याच्या शेवटी' एवढीच ओळ आहे आणि 'जात नाही', 'पीत नाही' म्हणणाऱ्या आम्हाला ती लगेच पटली. 'इश ट्रिंके डेन टे निश्ट' (मी तो चहा पीत नाही) येथे ती खरीही ठरते. परंतु वर्ध्याला जात नाही असे म्हणताना 'निश्ट' हे 'नाख वर्धा'च्या आधी येते, 'एर इस्ट निश्ट म्यूडे' (तो थकलेला नाही) यात 'म्यूडे' या विशेषणाच्या आधी येते, आणि 'आनरूफेन' म्हणजे फोन करणे, या क्रियापदातून सुटलेले 'आन' वाक्याच्या शेवटी जाते तेव्हा त्याच्याही आधी येते. चाचणीत मी टिपणाबरहुकूम 'इश रूफे माइने मुटर हॉयटे आन निश्ट' (मी आज आईला फोन करत नाही) असे लिहिले आणि गुण गमावले, कारण शेवट 'हॉयटे निश्ट आन' असा हवा होता. शिक्षिकांनी टिपणातील चूक मान्य केली, तरी पुढच्या तुकडीला तीच टिपणे वाटली गेली.

प्रवेश घ्यायचाच असल्यास संध्याकाळची तुकडी निवडावी. तेथे विद्यार्थी कमी असतात आणि 'निश्ट'साठी एखादा जादा तास मागून घेता येतो.